टक्

कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका बंद गाळ्यात, मी एका जुन्या कोल्ड सॉचं, म्हणजे पाइप कापायच्या मशिनचं, पातं फडक्यात दोन्ही हातांनी धरलं आणि हळूच पुढे-मागे हलवलं. टक्. परत हलवलं, परत टक्. आवाज एवढासा, की गाळा चालू असता तर कुणाच्या कानावरही आला नसता. पण मीटर काढून नेलेला, पंखा बंद, आणि दारात उभ्या असलेल्या काकींचं सगळं लक्ष माझ्या हातांकडे. त्यांनी विचारलं, "काय वाजलं हे?" मी पातं सोडलं, फडक्याला हात पुसले, चेहरा जमेल तेवढा गंभीर केला आणि म्हणाले, "गिअर गेलाय, काकी."

गिअर गेलेला नव्हता.

या जातीच्या मशिनचं पातं हातानं फिरत नाही. मोटरच्या पुढे वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा, वर्मला लागून ब्राँझचं दातेरी चाक, आणि त्या चाकाच्या शाफ्टवर पातं. वर्म चाकाला फिरवतो. चाक उलटं वर्मला फिरवू शकत नाही. म्हणून पात्याला धरून कितीही जोर लावा, ते हलतं फक्त दोघांच्या दात्यांमध्ये जेवढी फट आहे तेवढंच. टक् वाजतं ते त्या फटीचं. फट अजिबात ठेवली नाही तर तेलाला आत शिरायला जागा राहत नाही आणि गिअर तापून स्वतःलाच खातो. फार झाली तर पाइपमध्ये शिरताना पात्याला हिसका बसतो. पाइप पातळ असला की त्या हिसक्यात दात तुटतो. माझ्यासमोरचं पातं कडेला फार तर दीड मिलिमीटर हलत होतं. एवढ्या जुन्या मशिनला तेवढं असणारच. हे मला तिथं उभं असतानाही माहीत होतं.

मशीन हवं होतं हे मात्र खरं. कुपवाडला आमचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. वडिलांनी तो खिडक्यांच्या ग्रिलवर आणि गेटवर चालवला, मी टेबलं, रॅक, बाकं यांच्याकडे वळवला. सांगलीत आता गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्यात. स्पर्धा परीक्षांची मुलं पहाटेपासून रात्रीपर्यंत तिथं बसतात. अशाच एका अभ्यासिकेच्या ४० टेबलांचं काम आलं. २५ बाय २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप, वीस गेज. वीस गेज म्हणजे भिंत ०.९ मिलिमीटर. वजनाला हलकं, पैशाला परवडणारं, आणि करायला महा त्रासाचं. मालकाला सगळे कोपरे पंचेचाळीस अंशाला कापून मिळवलेले हवे होते, पाइपच्या उघड्या तोंडात काळी टोपी ठोकलेली नको. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. त्या टोप्या मुलं अभ्यास करता करता नखांनी उपटून काढतात, हे मी स्वतः बघितलंय.

आमच्याकडे होतं ते चौदा इंची चकतीचं कट-ऑफ मशीन. मिनिटाला ३८०० फेरे. त्याला कापणं म्हणणं म्हणजे जरा औदार्यच. ते घासून जाळतं. शेजारच्या डाळमिलवाल्यांनी दोनदा निरोप पाठवला की ठिणग्यांची काळी पूड त्यांच्या तूरडाळीवर बसते. सरळ काप असला तर अजून चालतं. पंचेचाळीसला लावलं की चकती आधी पाइपच्या एका कडेला टेकते, तिथून उताराच्या बाजूला सरकते आणि पापडासारखी वाकते. वरून पंचेचाळीस दिसणारा काप खाली पोहोचेपर्यंत साडेचव्वेचाळीस झालेला असतो. आतल्या बाजूला बरची, म्हणजे कापाच्या कडेला राहिलेल्या धारदार लोखंडाची, झालर लोंबते, बाहेर निळा पट्टा उमटतो. असे दोन तुकडे जोडले की कोपऱ्यात एक अंशाची चूक. ऐकायला काहीच नाही. पण २५ च्या पाइपचं तिरकं तोंड ३५ मिलिमीटर लांब असतं, आणि तेवढ्या लांबीवर एका अंशाची फट एका टोकाला ०.६ मिलिमीटरची होते. भिंत ०.९ ची, फट ०.६ ची. वेल्डरनं तिथं करायचं काय? टेबलाची १२०० ची बाजू धरली तर पलीकडचं टोक २१ मिलिमीटर बाजूला जातं, ते वेगळंच. आमचे वेल्डर चाचा मला म्हणाले, "ताई, पाइप जोडू का भोकं जोडू ते एकदा ठरवून सांगा."

वडिलांच्या काळी हा प्रश्न नव्हता, कारण घाई नव्हती. ते हातानं कापायचे. हॅक्सॉला इंचाला बत्तीस दात्यांचं ब्लेड, व्हाइसमध्ये पाइपच्या दोन्ही अंगांना सागवानाचे ठोकळे, म्हणजे भिंत चेपायची नाही. गोल पाइप असला तर ठोकळ्यांना अर्धगोल खाचा. पाइपच्या भिंतीत एका वेळी निदान तीन दात असले पाहिजेत हा फिटरचा नियम. बत्तीस दात्यांच्या ब्लेडला दोन दातांमधलं अंतर ०.८ चं, म्हणजे वीस गेजच्या भिंतीत जेमतेम एक दात बसतो. मग ते हॅक्सॉ आडवी चालवायचेच नाहीत. फ्रेम पुढे झुकवून, भिंतीला तिरकं कापत जायचे, म्हणजे तेवढ्याच जाडीत दोन-तीन दात राहतात. अर्धं कापलं की पाइप फिरवायचा. मी लहानपणी त्या फेऱ्या मोजत बसायची. शेवटी कानस, मग गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावायचा, आणि गुण्या उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचा. गुण्या आणि पाइपच्या मधून उजेडाची रेघ दिसली की परत कानस. लोखंडाच्या किसाचा वास, त्यात त्यांच्या तंबाखूचा. एका कोपऱ्याला पंधरा मिनिटं सहज जायची. कट-ऑफ मशीन आलं तेव्हा ते पहिल्या दिवशी बाहेर जाऊन उभे राहिले. पुढे तेही त्याच्यापुढे उभे राहायला शिकले. आता उजव्या कानानं त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही.

मला हवं होतं ते या दोन्हींच्या मधलं काहीतरी. कोल्ड सॉचं पातं मिनिटाला चाळीस-पन्नास फेरेच मारतं. समोर उभं राहिलं तर एकेक दात येताना दिसतो. ठिणगी नाही, वरून दुधासारखं पांढरं कूलंट पडत राहतं, आणि कापलेला तुकडा लगेच हातात धरता येतो. नवीन मशीन आमच्या ऐपतीबाहेरचं. म्हणून जुनं.

जुनं मशीन बघायला जाणं म्हणजे स्थळ बघायला जाण्यासारखंच. खोटं दोन्हीकडून चालतं. पहिलं बघितलं शिरोलीला, आडवा बँडसॉ, म्हणजे पट्ट्यासारखं पातं फिरणारी करवत. चालू स्थितीत, मोटर शांत, मालकही भला माणूस. पण त्याचं डोकं, म्हणजे पातं धरणारा भाग, कोनात फिरत नव्हतं, कोन साधायला व्हाइस फिरवायचा. पाइप येतो सहा मीटरचा. पंचेचाळीसला कापायला सहा मीटरचा पाइप तिरका धरायचा म्हणजे आमच्या गाळ्यात त्याचं दुसरं टोक डाळमिलमध्ये. डोकं फिरणारं असेल तर पाइप आपल्या जागी पडून राहतो. कॅटलॉगात ही गोष्ट एका ओळीत असते आणि तीच ओळ आपण वाचत नाही. दुसरं मशीन एका भंगारवाल्याकडचं. हिरवंगार. इतकं ताजं की हाताला रंग लागला. स्क्रूच्या खाचांत रंग, कोनाच्या पट्टीवरच्या आकड्यांवर रंग, मोटरच्या प्लेटवर रंग. तो म्हणाला, "एकदम कंडिशनमध्ये आहे." मी ब्लेडच्या कव्हरखाली बोट घातलं तर तिथं जुना चिखल तसाच, त्याच्यावरूनही ब्रश फिरवलेला. नमस्कार करून निघाले.

तिसऱ्याचा पत्ता एका हार्डवेअरच्या दुकानात भिंतीला चिकटवलेल्या वहीच्या पानावर मिळाला. "मशीन देणे आहे." विकणे नव्हतं लिहिलेलं, देणे.

सकाळी अंकलीचा पूल ओलांडला तेव्हा कृष्णेवर धुकं होतं. जयसिंगपूरपासून हातकणंगल्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागे दुसऱ्या गिअरमध्ये. उद्यमनगरात शिरलं की पहिलं नाकाला कळतं: कटिंग ऑइल, तापलेलं लोखंड, आणि कुठल्यातरी गाड्यावरची मिसळ. ऑइल इंजिनांवर मोठा झालेला हा भाग. अजून एकेका बोळात लेथ, शेपर, ड्रिल दाटीवाटीनं चालू असतात. काकींचा गाळा अशाच एका बोळाच्या टोकाला. त्यांनी कुलूप काढलं, शटर मी वर ढकललं. "हे गेल्यापास्नं उघडलं न्हाई," त्या म्हणाल्या. पण मशिनवर धूळ नव्हती. त्याच्यावर जुन्या साडीचं पांघरूण होतं, चार टोकांना गाठी मारून बांधलेलं.

साडी काढली आणि मला आधी हेवाच वाटला. रंग जागोजागी उडालेला, पण जिथं हात लागतो तिथंच. हँडलचं रबर एका बाजूनं गुळगुळीत, म्हणजे माणूस डावखुरा. टेबलवर पात्याची खाच स्वच्छ. चुकून खोल गेलेल्या कापाचा एकही ओरखडा नाही. व्हाइसचे जबडे दोन्हीकडून धरणारे, पात्याच्या अलीकडे आणि पलीकडेही, म्हणजे कापून सुटणारा तुकडा शेवटच्या क्षणी मुरडत नाही आणि बर कमी येतो. कोनाच्या पट्टीवर मात्र माझा विश्वास नसतो. पंचेचाळीसला बघितलं तर तिथं त्यांनी टेबलात स्वतः भोक पाडून पिन बसवलेली होती. डोकं फिरवलं की पिनेवर खट् बसतं, आकडा वाचायची गरजच नाही. डोकं धरून मी डावी-उजवीकडे रेटलं. बिजागरीत काही नाही. पात्यामागच्या फ्लँजवरून बोट फिरवलं, खरचटलेलं नाही. आणि मग ते पातं हलवलं. टक्.

काकींनी शेजारच्या गाळ्यातून लाइन मागवली. पोरानं केबल आणून तीन वायरी जोडल्या, मी बटण दाबलं. पातं फिरायला लागलं आणि मी आवाजाकडे कान लावलेला असतानाच काकी दारातून ओरडल्या, "अगं उलटं फिरतंय!" खरंच उलटं फिरत होतं. दोन फेजा बदलून घेतल्या. मी तेव्हा हसले. त्यांच्या लक्षात कसं आलं याचा विचार मात्र केला नाही. माझ्या डोक्यात त्या "मालकाच्या बायको" होत्या, मशीन म्हणजे त्यांना एक अडगळ. तीस वर्षं गाळ्यावर डबा घेऊन येणाऱ्या बाईला पातं कुठल्या बाजूनं फिरतं ते कळत असेल, एवढं साधं मला सुचलं नाही. माझ्याही गाळ्यावर नवा गिऱ्हाईक आला की विचारतो, "साहेब कुठायत?" तो राग मला ठाऊक आहे. तरीही.

मग त्यांनी कोपऱ्यातला लाकडी खोका दाखवला. "ह्यातलं लागलं तर न्या, न्हाईतर भंगारात घालतो." आमच्या कोल्हापूरकडच्या बायका "घालतो, जातो, येतो" असंच बोलतात, मला ते ऐकायला फार आवडतं. खोक्यात ॲल्युमिनियमचे हातानं केलेले जबडे होते, पाऊण इंची, एक इंची, सव्वा इंची पाइपचे अर्धगोल कोरून, प्रत्येकावर पंचनं आकडा ठोकलेला. काकींचे मालक सलाइनचे स्टँड आणि दवाखान्याच्या खाटा करायचे. जबड्यांच्या खाली, तेलकट कागदात गुंडाळलेली सात पाती. ३१५ मिलिमीटरची, हायस्पीड स्टीलची. चार पात्यांना २४० दात, म्हणजे दोन दातांत चार मिलिमीटर. उरलेल्या तिनांना ३२०, म्हणजे जेमतेम तीन. पातळ भिंतीला हवं असतं तसंच, बारीक. तिन्ही धार लावून आणलेली, एकदाही न वापरलेली. हायस्पीड स्टील जगापुढे आलं १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात. टेलर आणि व्हाइट या दोघांचं हत्यार तापून लाल झालं तरी कापत होतं. हाच तो टेलर, कामगाराच्या मागे घड्याळ घेऊन उभा राहणारा. त्याच्या घड्याळाबद्दल मला काही प्रेम नाही, पण स्टीलबद्दल त्याचे उपकार मानावे लागतात. असं एक पातं आज विकत घ्यायचं तर काही हजार मोजावे लागतात. खोक्यात सात होती.

मी कागद परत गुंडाळला आणि म्हणाले, "बघू, उपयोग झाला तर होईल."

पंचाहत्तर हजार त्यांनी सांगितले होते. मी दोष सांगत गेले: गिअर, कूलंटचा पंप गळतोय (तो खरंच गळत होता), केबल बदलावी लागेल, वाहतूक माझी. प्रत्येक दोषाला त्या मान हलवत होत्या. वाद घातला असता तर मला सोपं गेलं असतं. मधेच एकदा म्हणाल्या, "दर शनिवारी पुसायचे हो ते, रॉकेलनं. मग आंघोळ करून अंबाबाईला." मी अठ्ठावन्न म्हणाले. त्यांनी पदर सारखा केला, शेजारच्या पोराला चहा आणायला पाठवलं आणि म्हणाल्या, "घ्या. तुम्ही काम करणार हाय त्याच्यावर." चहा आला. फार गोड. मी दोन्ही हातांनी कप धरून प्याले.

बाजारात असं चालतंच, हे मी स्वतःला हातकणंगल्यापर्यंत समजावलं. दोन्ही बाजूंनी ताणायचं, मध्ये कुठंतरी थांबायचं. वडील भंगाराच्या वजनासाठी तराजूवाल्याशी तासभर भांडायचे. पण ते भांडण बरोबरीचं असायचं. समोरचाही तेवढाच बेरकी. शिवाय ते भांडताना खोटं बोलत नसत, नुसता आवाज चढवायचे. जयसिंगपूरला ट्रॉलीच्या मागे थांबले तेव्हा वाटलं, फोन करून पात्यांचं सांगावं. मग ट्रॉली हलली.

मशीन उतरवलं, पाणसळ लावून बसवलं, आणि पहिलं काम केलं ते गिअरबॉक्सचं तेल काढायचं. हे काम खरं तर तिथंच करायचं असतं. तेलाचा प्लग सैल करून दोन थेंब बोटावर घ्यायचे आणि उन्हात धरायचे. ब्राँझचं चाक झिजत असेल तर तेलात सोनेरी चमक दिसते, मेंदीत जरीचा चुरा पडल्यासारखी. मी ते तिथं मुद्दाम केलं नव्हतं. केलं असतं तर तेल स्वच्छ निघालं असतं आणि माझं वाक्य माझ्याच बोटावर खोटं ठरलं असतं. आमच्या गाळ्यात ते काळं, दाट, पण स्वच्छ निघालं. उन्हात धरलं, दोन बोटांत चोळलं. काही नाही. कुणीतरी ठरल्या वेळी तेल बदलत आलं होतं, इतकंच त्यात दिसत होतं.

मग बारीक दात्यांचं पातं चढवलं. कूलंट एकास पंधरा मिसळलं. त्यांच्या एक इंची जबड्यात गोल पाइपचा तुकडा लावून बघितला, मग चौकोनी, डोकं पिनेवर खट्. हँडल खाली आणलं. पातं भिंतीला लागताना घाई करायची नाही, वजन टाकायचं नाही. नुसता हात ठेवायचा. खर्र, खर्र असा खालचा आवाज, रवा भाजताना येतो तसा. पात्याच्या खाचांतून चांदीच्या तारेसारखे कुरळे कीस बाहेर पडत होते. चाचा हातातलं काम ठेवून येऊन उभे राहिले. तुकडा पडला तो टेबलवर, वाजलासुद्धा नाही. दुसरा कापला. दोन्ही तोंडं जुळवून गुण्या लावला, दाराकडे धरला. उजेड आला नाही.

तो कोपरा टॅक मारून, म्हणजे वेल्डिंगचे दोन ठिपके देऊन, मी संध्याकाळी घरी नेला. वडिलांनी चष्मा लावला नाही. अंगठ्याचं नख जोडावरून आडवं ओढलं, मग पाइपच्या आतून, जिथं बर असते तिथं. परत एकदा. मग जरा मोठ्यानं, त्यांना स्वतःचं बोलणं नीट ऐकू येत नाही म्हणून, विचारलं, "कुणाचं मशीन हे?" मी सांगितलं, कोल्हापूरचं, ते वारले, त्यांच्या बायकोकडून घेतलं. "केवढ्याला?" मी आकडा सांगितला. त्यांनी कोपरा उलटसुलट केला आणि टीपॉयवर ठेवला. पुढे काही बोलले नाहीत. ऐकू आलं नसेल, असं मी धरून चालले.

४० टेबलं झाली. बावीस दिवसांत, आणि एकाही कोपऱ्याला पुट्टी लागली नाही. अभ्यासिकेत ती मांडून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी काकींचा फोन आला. गाळा भाड्यानं देतायत, तिथं मशिनचे चार फाउंडेशन बोल्ट राहिलेत, हवेत का, का कापून टाकू. मी म्हणाले, कापा. मग त्यांनी विचारलं, "चालतंय का?" मी म्हणाले, छान चालतंय. "गिअर बदलला काय?"

मागे चाचा कापत होते. खर्र, खर्र.

"अजून नाही," मी म्हणाले.

"मग नका बदलू घाईनं," काकी म्हणाल्या. "हे म्हणायचे, तेवढं टक् वाजलंच पायजे. न्हाईतर गरम होतंय ते." मग थोडं थांबून, "तुम्ही गिअर गेलाय म्हणाला, तवा म्हटलं तुम्हाला जास्त कळत असंल. ती बारीक पाती लावली का? त्यांनी शेवटची धार लावून आणली, आणि मग दवाखान्यातच गेले."

"लावली," मी म्हणाले. तुकडा पडला. चाचांनी पुढचा पाइप आत सरकवला आणि माझ्याकडे बघून हातानं विचारलं, किती मापाचा. मी फोन कानाला तसाच धरून बोटांनी दाखवायला लागले, सहा, शून्य, शून्य, आणि मधेच विसरले की अजून काही दाखवायचं होतं का.